लडाखला जाताय? उंचीच्या त्रासाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एप्रिल उजाडला की लडाखच्या तयारीचे निरोप सुरू होतात. कुणी आईवडिलांना घेऊन निघालेलं असतं, कुणी बुलेटवरून, तर कुणाला शाळा सुरू व्हायच्या आत परतायचं असतं. शब्द वेगळे असतात, पण प्रश्न फिरून फिरून तेच, म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. बहुतेक उदाहरणं लेह आणि आसपासची आहेत. केदारनाथ, अमरनाथला जाणाऱ्यांनी प्रश्न १८ आधी वाचला तरी चालेल. गोळ्यांचे डोस जिथे दिलेत तिथे ते धडधाकट प्रौढ माणसासाठीचे आहेत. निघण्यापूर्वी तुमचे चालू आजार आणि औषधं माहीत असलेल्या डॉक्टरांना एकदा दाखवा, आणि मगच गोळ्या घ्या.

१. उंचीचा त्रास म्हणजे नेमकं काय? वरच्या हवेत ऑक्सिजन कमी असतो का?

हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण मुंबईत २१ टक्के आणि लेहजवळच्या खारदुंग ला या खिंडीतही २१ टक्केच. कमी होतो तो हवेचा दाब. लेह साधारण ३,५०० मीटरवर आहे. तिथे दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन तृतीयांश उरतो आणि खारदुंग लावर (५,३५९ मीटर) जवळपास निम्मा. त्यामुळे छातीभर श्वास घेतला तरी रक्तात ऑक्सिजन कमी पोचतो. लेहमध्ये पाणी ८८ अंशांच्या आसपास उकळतं आणि डाळ कुकरशिवाय नीट शिजत नाही, त्याचंही कारण हा कमी दाबच.

शरीर याला सरावतं. श्वास वाढतो, लघवी जास्त होते, हळूहळू रक्तातही बदल होतात. पण त्याला दिवस लागतात आणि विमान दीड तासात पोचवतं. या घाईतून तीन गोष्टी होऊ शकतात. पहिली एएमएस, म्हणजे डोकेदुखी, मळमळ वगैरे. ती त्रासदायक असते, पण बहुतेक वेळा आपोआप बरी होते. दुसरी हेप, म्हणजे फुप्फुसात पाणी साचणं. तिसरी हेस, म्हणजे मेंदूला सूज येणं. या शेवटच्या दोन जीवघेण्या आहेत.

२. किती उंचीपासून काळजी घ्यायची? महाबळेश्वरला कधी काही झालं नाही.

होणारही नाही. महाबळेश्वर १,४०० मीटरच्याही खाली आहे आणि महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटर. त्रास साधारण २,५०० मीटरच्या वर सुरू होतो. म्हणजे आपल्या राज्यात कितीही भटकलात तरी आपलं शरीर उंचीवर कसं वागतं हे कळायला मार्ग नाही. ते पहिल्यांदा लेहमध्येच कळतं.

३. मी रोज दहा किलोमीटर पळतो, सह्याद्रीतले बरेच किल्ले झालेत. मला त्रास होणार नाही ना?

होऊ शकतो. तंदुरुस्ती आणि उंचीचा त्रास यांचा काही संबंध नाही. उलट तरुण, दमदार मंडळीच जास्त सापडतात, कारण त्यांना पहिल्या दिवशी बरं वाटतं. मग ती सामान टाकून शांती स्तूपाच्या पायऱ्या चढायला जातात आणि रात्री उलट्या करतात. सत्तरीचे आजोबा दमतात म्हणून आपसूक पडून राहतात, आणि तेच त्यांच्या पथ्यावर पडतं. कुणाला त्रास होणार हे आधी सांगता येत नाही. त्यातल्या त्यात भरवशाची खूण एकच, मागच्या वेळी काय झालं होतं (प्रश्न १९).

४. डोकं दुखतंय. ते उंचीमुळे की प्रवासामुळे, हे कसं ओळखायचं?

उंचीवर आल्यानंतर सुरू झालेली डोकेदुखी ही उंचीमुळेच, असं धरून चाला. दुसरं कारण पक्कं सापडलं तरच मत बदला. ही सवय लागली की निम्मं काम झालं.

डॉक्टर लोक निदानासाठी लेक लुईस गुणपद्धत वापरतात. डोकेदुखी, पोट (भूक न लागणं, मळमळ, उलटी), थकवा आणि चक्कर या चार गोष्टींना प्रत्येकी ० ते ३ गुण द्यायचे. डोकेदुखी आहे आणि बेरीज ३ किंवा जास्त आहे, तर एएमएस. पूर्वी यात झोपही मोजत. २०१८ च्या सुधारणेत ती वगळली, कारण उंचीवर झोप सगळ्यांचीच बिघडते (प्रश्न १०).

वेळ लक्षात ठेवा. एएमएस उतरल्या उतरल्या होत नाही. सहा ते बारा तासांनी, बहुतेकदा पहिल्या रात्री किंवा दुसऱ्या सकाळी सुरू होतो. दुपारी तीनला 'मला तर काहीच होत नाहीये' म्हणणाऱ्याला रात्री अकराला विचारावं. अंगात जे होतं ते जास्त दारू प्यायल्यानंतरच्या सकाळसारखं असतं. नको उजेड, नको बोलणं, नको समोरचा पराठा.

ताप असेल, घसा दुखत असेल किंवा जुलाब होत असतील तर ते वेगळं. उंचीमुळे ताप सहसा येत नाही. हेपमध्ये मात्र थोडा ताप असू शकतो. पाणी कमी पडल्यानेही डोकं दुखतं. तेव्हा अर्धा-एक लिटर पाणी आणि एक पॅरासिटामॉल घेऊन पाहा. तासाभरात साफ थांबलं आणि भूक लागली तर ठीक. नाही थांबलं तर उत्तर मिळालं.

५. विमानाने लेहला उतरल्यावर पहिले दोन दिवस काय करायचं?

काही नाही. खरंच काही नाही.

याच सल्ल्यावर सगळ्यात जास्त वाद होतो. 'दोन दिवस हॉटेलात बसायला एवढे पैसे खर्च केले का?' असं लोक विचारतात. भारतीय सैन्यात पहिल्या टप्प्याला, म्हणजे साधारण २,७०० ते ३,६०० मीटरला रुळण्यासाठी सहा दिवस देतात. त्यातले पहिले दोन पूर्ण विश्रांतीचे. पुढचे दोन दिवस सपाटीवर सावकाश चालायचं, चढ नाही. जरासा चढ पाचव्या-सहाव्या दिवशी. हे विशी-पंचविशीतल्या कसलेल्या जवानांसाठी. आपण तर खुर्चीवरून उठून थेट विमानात बसतो.

दोन दिवस म्हणजे दोन रात्री पूर्ण. सामान स्वतः जिन्यावरून चढवू नका. पहिल्या दिवशी गरम पाण्याने लांबलचक आंघोळ नको. दिवसा थोडं पडा, पण सारखं झोपून राहू नका, कारण झोपेत श्वास मंदावतो. दुसऱ्या संध्याकाळी बाजारात रमतगमत चक्कर मारायला हरकत नाही. जेवण हलकं, भात-डाळ किंवा थुकपा (नूडल्सचं सूप). दारू नको, सिगारेट नको. झोपेची गोळी किंवा अल्प्राझोलामसारख्या गोळ्या तर अजिबात नकोत, त्यांनी श्वास आणखी दबतो. रोज अल्प्राझोलाम घेणाऱ्यांनी मात्र ती एकदम बंद न करता डॉक्टरांना विचारावं.

पाण्याबद्दल अतिरेक चालतो. 'रोज सहा लिटर प्या' हा सल्ला चुकीचा आहे. पाणी ढोसल्याने उंचीचा त्रास टळत नाही आणि रक्तातलं सोडियम घसरलं तर डोकेदुखी, मळमळ आणि गोंधळ अशी हुबेहूब तीच लक्षणं दिसतात. लघवी फिकट पिवळी राहील इतकं पाणी पुरे. बहुतेकांना दिवसाला तीन लिटरच्या आसपास लागतं.

एक युक्ती फारशी कुणी वापरत नाही. विमानतळावरून लेहमध्ये न थांबता गाडीने सिंधूच्या कडेकडेने आल्चीला जायचं. आल्ची लेहपेक्षा साधारण चारशे मीटर खाली आहे, जर्दाळूच्या बागांमधलं शांत गाव. तिथे दोन रात्री काढून लेहला या. पहिली रात्र तिथे बऱ्याच जणांना सोपी जाते.

६. रस्त्याने गेलं तर त्रास कमी होतो म्हणतात. श्रीनगरकडून जावं की मनालीकडून?

जाताना श्रीनगर, येताना मनाली. श्रीनगर सुमारे १,६०० मीटर, पुढचा मुक्काम कारगिल २,७०० च्या आसपास, मग फोटू ला (४,१०८ मीटर) ओलांडून लेह. वाटेत उंच खिंडी लागतात, पण झोपायची उंची पायरीपायरीने वाढते. आणि हिशेब झोपायच्या उंचीचाच करायचा. दिवसा चार तास वर जाऊन रात्री खाली झोपणं चालतं.

मनालीची गंमत वेगळी आहे. अटल बोगदा २०२० मध्ये सुरू झाल्यापासून रोहतांगचा चढ वाचतो आणि माणूस एका दिवसात जिस्पाला (३,२०० मीटर) पोचतो. पुढे मात्र लेह येईपर्यंत झोपायला खालची जागा नाही. सर्चूचे तंबू जवळपास ४,३०० मीटरवर आहेत. पुढे लाचुलुंग ला, मागे बारालाचा ला, दोन्हीकडे चढच. म्हणजे रात्री कुणाची तब्येत बिघडली तर खाली न्यायलाही आधी वर न्यावं लागतं. मनालीकडूनच जायचं असेल तर जिस्पा किंवा केलाँगला दोन रात्री काढा आणि सर्चूला न थांबता पहाटे निघून लेह गाठा.

७. डायमॉक्स घ्यायची का? कधी, किती? तिने लक्षणं झाकली जातात का?

लक्षणं झाकली जात नाहीत. डोकेदुखीची गोळी वेदना दाबते, तशी ही नाही. डायमॉक्स म्हणजे अॅसिटाझोलामाइड. तिच्यामुळे मूत्रपिंडं बायकार्बोनेट बाहेर टाकतात, रक्त किंचित आम्लधर्मी होतं आणि त्यामुळे श्वास वाढतो. शरीर दोन-तीन दिवसांत जे करणार असतं तेच ती लवकर करवून घेते. म्हणून डायमॉक्स घेऊन बरं वाटत असेल तर ते खरंच बरं असतं.

विमानाने थेट लेहला जाणाऱ्याला ती घेण्यात अर्थ आहे. डोस १२५ मिलिग्रॅम सकाळ-संध्याकाळ. बाजारात बहुधा २५० ची गोळी मिळते, ती अर्धी करायची. निघण्याच्या आदल्या दिवशी सुरू करून लेहमध्ये दोन दिवस घ्यायची. श्रीनगरमार्गे सावकाश जाणाऱ्या धडधाकट माणसाला ती सहसा लागत नाही.

बोटांना, ओठांना मुंग्या येतात. लघवीला सारखं जावं लागतं. सोडा किंवा बिअर बेचव लागते. याला घाबरू नका. गोळी घेतली म्हणजे प्रश्न ५ मधले दोन दिवस माफ झाले, असं मात्र नाही.

८. मला सल्फाची अॅलर्जी आहे. डायमॉक्स चालेल का?

अॅलर्जी म्हणजे काय झालं होतं, ते आधी आठवा. सल्फाच्या अँटिबायोटिकने अंगावर थोडं पुरळ आलं होतं, तर बहुतेकांना डायमॉक्स चालते, पण डॉक्टरांच्या सल्ल्याने घरी असतानाच एक डोस घेऊन बघावा. पहिली गोळी लेहच्या हॉटेलात घेऊ नये. श्वास अडकला होता, चेहरा सुजला होता किंवा कातडी सोलवटली होती, तर डायमॉक्सचं नाव काढू नका. गरोदर स्त्रिया, मूत्रपिंड किंवा यकृताचा मोठा आजार असलेले आणि रोज मोठ्या डोसची अॅस्पिरिन घेणारे यांनीही डॉक्टरांशिवाय घेऊ नये. मधुमेहासाठी डापाग्लिफ्लोझिनच्या जातीची गोळी चालू असेल तर तेही डॉक्टरांना आवर्जून सांगा.

९. कापराची पुरचुंडी, लसूण, कोका ३० या होमिओपॅथीच्या गोळ्या यांचा उपयोग होतो का?

कापूर हुंगल्यावर नाक मोकळं झाल्याचा भास होतो, रक्तातला ऑक्सिजन तसूभरही वाढत नाही. तरी मराठी माणसांच्या टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये ड्रायव्हरपासून शेवटच्या सीटपर्यंत कापराचा वास सुटलेला असतो. हुंगणाऱ्या मोठ्या माणसाचं त्यात काही बिघडत नाही. मात्र लहान मुलाने कापराची वडी गिळली तर फिट येऊ शकते, म्हणून पुरचुंडी त्यांच्या हाती देऊ नका.

लसणाचं सूप गरम असतं आणि चवीला छान, तेवढ्यासाठी प्या. कोका ३० उंचीचा त्रास टाळते याला विश्वासार्ह आधार नाही. या गोष्टींचा तोटा एवढाच की त्या केल्यावर माणूस निर्धास्त होतो आणि दुसऱ्याच दिवशी आणखी उंचावरच्या पँगाँग सरोवराला निघतो.

१०. रात्री गुदमरल्यासारखं होऊन जाग येते. नवरा तर मध्येच श्वास घ्यायचा थांबतो! हे हेप आहे का?

सहसा नाही. उंचीवर झोपेत श्वास लाटांमध्ये चालतो. चार-पाच खोल श्वास, मग काही सेकंद पूर्ण शांतता, मग दचकून एक मोठा श्वास. शेजारी जागं असलेल्या माणसाचा जीव टांगणीला लागतो, पण जाग आल्यावर मिनिटभरात श्वास सुरळीत होत असेल आणि दिवसा दम लागत नसेल तर काळजीचं कारण नाही. डायमॉक्सने हे कमी होतं. जाग आल्यावर, उठून बसल्यावरही धाप राहत असेल तर प्रश्न १२ लगेच वाचा. घोरण्याच्या आजारासाठी रात्री मशीन लावणाऱ्यांनी ते सोबत न्यावं.

११. ऑक्सिमीटरवर ८४ दिसतंय. हॉस्पिटलला जायचं का?

कोविडमध्ये आपण ९४ हा आकडा पाठ केला, तो इथे लावू नका. लेहला उतरल्यावर पहिल्या दिवशी ८५ ते ९२ यांदरम्यानचे आकडे नेहमीचे आहेत, पँगाँगला त्याहूनही कमी दिसतात. बोटं गार असतील, नेलपॉलिश किंवा गडद मेंदी असेल तर यंत्र काहीही दाखवतं. हात चोळून गरम करा, पाच मिनिटं शांत बसा, मग मोजा.

यंत्रापेक्षा माणूस बघा. ८४ आहे पण गप्पा मारतोय आणि दुसऱ्यांदा भात मागतोय, तर तो बरा आहे. ८८ आहे पण एका जागी बसून धापतोय, तर तो आजारी आहे. ऑक्सिमीटरचा खरा उपयोग तुलनेसाठी. त्याच खोलीत, त्याच वेळी बाकी सगळे ८८-९० वर आणि एकजण ७४ वर असेल, तर त्याच्याकडे लक्ष द्या, मग तो काहीही म्हणो.

१२. फुप्फुसात पाणी झालंय हे कसं कळतं?

उंचीवर सगळ्यात जास्त जीव हेपने जातात, म्हणून हे उत्तर लांबलं तरी पूर्ण वाचा.

हेप पहिल्या दिवशी क्वचितच होतो. नव्या उंचीवर आल्यानंतर दुसऱ्या ते चौथ्या दिवशी, बहुतेकदा दुसऱ्या रात्री तो डोकं वर काढतो. आणि त्याआधी डोकेदुखी झालीच पाहिजे असं नाही. इथेच लोक फसतात. 'त्याला तर एएमएस झालाच नव्हता' हे वाक्य नातेवाइकांकडून ऐकू येतं.

सुरुवात दम लागण्याने होते. काल जो जिना दमादमाने का होईना चढला, तो आज अर्ध्यावर थांबवतो. मग कोरडा खोकला. तो लोक धुळीवर ढकलतात, लडाखमध्ये धूळ असतेच. पलंगापासून बाथरूमपर्यंत जाऊन आलेला माणूस पलंगाच्या कडेला दोन्ही हात टेकून बसतो आणि 'तुम्ही जेवून घ्या, मी पडतो जरा' असं म्हणतो. हे वाक्य दोन श्वासांत म्हणावं लागलं तर ते ऐकणाऱ्याने जेवण सोडून उठायचं असतं. आडवं झाल्यावर गुदमरतं, म्हणून तो उशा रचतो. ओठ, नखं निळसर दिसतात. छातीला कान लावला तर बुडबुड ऐकू येते. गुलाबी फेसाळ थुंकी हे फार उशिराचं लक्षण आहे, तिची वाट बघायची नाही.

खूण एकच लक्षात राहणार असेल तर ही ठेवा: शांत बसल्यावरही धाप जात नाही, तर तो हेप. कफ सिरप आणि अँटिबायोटिक देऊन सकाळची वाट पाहू नका. ऑक्सिजन आणि हॉस्पिटल, त्याच रात्री. उपचार प्रश्न १४ मध्ये आहेत.

हे ज्ञान आपल्याकडे मोठी किंमत मोजून आलं आहे. १९६२ च्या युद्धात मैदानी भागातून घाईने वर चढवलेले जवान मोठ्या संख्येने या आजारांत सापडले. सैन्यातले डॉक्टर इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १,९२५ जवानांच्या नोंदींवर लिहिलेला निबंध १९६९ मध्ये अमेरिकेतल्या न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आला. या विषयावरच्या मूलभूत कामांत तो आजही गणला जातो.

१३. आणि मेंदूला सूज? ती हॉटेलात बसून कशी ओळखायची?

फरशीची सरळ रेघ धरा. त्या रेघेवर एका पायाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला लावत दहा पावलं चालायला सांगा, मग वळून परत. आधी तुम्ही स्वतः चालून दाखवा, म्हणजे फरशी घसरडी आहे का तेही कळेल. जो तोल जाऊन रेघ सोडतो, भिंतीचा आधार शोधतो, त्याला हेस आहे असं समजून पुढची पावलं उचला.

दुसरी खूण वागण्यातली. माणूस चिडतो, नाहीतर अगदी गप्प होतो. चेनची टोकं जुळत नाहीत, बुटाची नाडी बांधता येत नाही, हॉटेलचं नाव आठवत नाही. 'दमलाय, झोपू द्या' म्हणून त्याला झोपवणं ही सगळ्यात धोक्याची गोष्ट, कारण पुढची पायरी बेशुद्धीची असते. डोकेदुखीवाल्याला तासातासाने उठवून चालायला लावा, शिव्या घातल्या तरी चालेल. हेप आणि हेस दोन्ही एकाच माणसात एका वेळी असू शकतात.

१४. त्रास सुरू झालाय. आता काय करायचं?

साधा एएमएस असेल (प्रश्न ४) तर आहात तिथेच थांबा. आणखी वर जाऊन झोपायचं नाही, एवढा एकच नियम. डोकेदुखीला पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन, उलटीला ओन्डान्सेट्रॉन, आणि डायमॉक्स २५० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. बहुतेकांना एक-दोन दिवसांत बरं वाटतं. लक्षणं पूर्ण गेल्यावरच पुढचा प्रवास. चोवीस तासांत उतार नाही किंवा वाढतच चाललंय, तर खाली उतरा किंवा डॉक्टर गाठा.

हेप असेल तर ऑक्सिजन आणि खाली उतरणं. लेहसारख्या ठिकाणी चांगलं हॉस्पिटल आणि ऑक्सिजन असेल तर तिथेच झोपवून उपचार करतात, ऑक्सिजनची पातळी ९० च्या वर ठेवतात. रुग्णाला बसतं ठेवा, उबदार ठेवा, एक पाऊलही चालवू नका. ऑक्सिजन मिळत नसेल आणि डॉक्टरांनी आधी लिहून दिली असेल तर निफेडिपिनची सावकाश विरघळणारी ३० मिलिग्रॅमची गोळी दर बारा तासांनी देतात. तिने रक्तदाब घसरू शकतो. 'पाणी झालंय ना, मग लघवीची गोळी देऊ' हा विचार साहजिक आहे, पण चुकीचा. हे पाणी हृदय कमजोर झाल्यामुळे साचलेलं नसतं आणि माणूस बहुधा आधीच सुकलेला असतो. एकेकाळी ही औषधं हेपमध्ये देत, आता देत नाहीत.

हेस असेल तर डेक्सामेथासोन, आधी ८ मिलिग्रॅम, मग दर सहा तासांनी ४. त्याने उतरण्यापुरता वेळ मिळतो, उतरणं रद्द होत नाही. तीनशे ते हजार मीटर उतरल्यावर फरक दिसायला लागतो.

१५. सगळे 'खाली उतरा' म्हणतात. पण पँगाँगहून लेहला यायचं तर वाटेत चांग ला आहे!

हा खरा लडाखी पेच. पँगाँग ४,२५० मीटरच्या आसपास आणि चांग ला ५,३०० च्या वर. आजारी माणसाला तिथून न्यायचं म्हणजे तासभर आणखी विरळ हवेत नेणं. नुब्रा खोऱ्याचंही तेच. ते स्वतः लेहपेक्षा खाली आहे (३,१०० मीटर), पण लेहला यायला खारदुंग ला ओलांडावा लागतो.

म्हणून प्रत्येक मुक्कामी विचारायचं की इथून खिंड न चढता खाली जाणारा रस्ता कोणता. पँगाँगहून तांगत्से, दुरबुक, मग श्योक नदीच्या कडेने अघम आणि नुब्रा हा रस्ता उतरत जातो. पाण्याने तो कधी बंद असतो, म्हणून सकाळीच ड्रायव्हरकडून खात्री करून घ्या. हानलेहून लोमा, न्योमा, चुमाथांग, उपशी असा सिंधूच्या सोबतीने थेट लेहपर्यंत उतार आहे. चांग लावरूनच यायचं झालं तर रुग्णाला सिलिंडरचा ऑक्सिजन चालू ठेवून आणा आणि वर चहासाठी थांबू नका. लष्कराची वैद्यकीय पथकं वाटेत असतात, ती नागरिकांना मदत करतात.

लेहहून श्रीनगरला गाडीने उतरवणं मात्र शहाणपणाचं नाही, मध्ये फोटू ला आणि झोजी ला आहेत. लेहमध्येच सोनम नोर्बू स्मारक रुग्णालयात उपचार घ्या, नंतर विमानाने खाली. विमानातला दाब साधारण २,४०० मीटर उंचीइतका ठेवलेला असतो, म्हणजे लेहपेक्षा बराच जास्त.

सहलीची आखणीही यावरून करा. लेहला निदान दोन रात्री, मग नुब्रा, आणि पँगाँग त्यानंतर. लेहहून दुसऱ्याच दिवशी पँगाँगला मुक्काम दाखवणारी सहल घेऊ नका. ३,००० मीटरच्या वर झोपायची उंची एका रात्रीत पाचशे मीटरहून जास्त वाढवू नये असा नियम आहे आणि ही उडी साडेसातशेची आहे.

१६. औषधांच्या दुकानातला ऑक्सिजनचा छोटा कॅन पुरेल का?

नाही. त्यात काही लिटरच ऑक्सिजन असतो, म्हणजे मोजकी मिनिटं. आजारी माणसाला तो तासन्‌तास लागतो. गाडीत न्यायचा तर मास्कसकट खरा सिलिंडर घ्या, लेहमध्ये भाड्याने मिळतो. निघण्यापूर्वी तो उघडून, काटा बघून घ्या. रिकामा सिलिंडर आणि हरवलेली चावी या दोन्ही गोष्टी नेमक्या पँगाँगला कळतात.

१७. बीपी, शुगर, अँजिओप्लास्टी, दमा, सिकलसेल. कुणी जावं, कुणी नाही?

रक्तदाब काबूत असेल तर जाता येतं. पहिले काही दिवस तो थोडा वाढतो, गोळ्या चालू ठेवा. मधुमेह्यांनी इन्सुलिन गोठू देऊ नये, कपड्यांच्या आत ठेवावं. उलट्या होऊन जेवण जात नसेल तर साखर घसरते, तेव्हा वारंवार तपासा. दमा असलेल्यांना बऱ्याचदा त्रास होत नाही, पण गार कोरडी हवा बाधू शकते, पंप खिशात हवा. हृदयविकाराचा झटका किंवा अँजिओप्लास्टी झालेल्यांनी हृदयरोगतज्ज्ञांची परवानगी घ्यावी. घरी दोन जिने चढताना छातीत दुखत असेल तर प्रश्नच मिटला.

सिकलसेलबद्दल कुणी विचारत नाही, म्हणून मुद्दाम लिहितो. विदर्भातल्या आणि नंदुरबारकडच्या अनेक कुटुंबांत हा आजार आहे. ज्यांना प्रत्यक्ष आजार आहे त्यांनी लडाखला जाऊ नये. जे फक्त वाहक आहेत, ज्यांना घरी आयुष्यात कधी काही जाणवलं नाही, त्यांनाही उंचीवर प्लीहेचा रक्तपुरवठा अडून डाव्या बरगड्यांखाली भयंकर दुखू शकतं. तसं दुखलं तर पोटदुखी समजून बसू नका, उतरा आणि डॉक्टरांना वाहक असल्याचं सांगा. घरात कुणाला सिकलसेल असेल तर जाण्यापूर्वी स्वतःची रक्ततपासणी करून घ्या.

गरोदरपणात हा प्रवास पुढे ढकलावा. तान्ह्या बाळांना डोकं दुखतं हे सांगता येत नाही. बाळ दूध घेत नाही, किरकिर थांबत नाही, झोपत नाही, तर ते उंचीमुळेच असं धरून उतरा.

१८. केदारनाथला तर रात्री राहत नाही, हेलिकॉप्टरने जाऊन येतो. मग काय त्रास?

केदारनाथ ३,५८३ मीटर, म्हणजे लेहच्याच उंचीवर. काही तासांत खाली येणार असाल तर एएमएस व्हायला वेळच मिळत नाही. धोका वेगळा आहे. हृदयाचा छुपा आजार असलेला साठीचा माणूस थंडीत, उपाशीपोटी, रांगेत उभा राहतो तेव्हा भार हृदयावर येतो. छातीत दुखलं तर 'विरळ हवा आहे' म्हणून सोडून देऊ नका.

गौरीकुंडाहून (सुमारे १,९८० मीटर) पायी जाणारे एका दिवसात सोळाशे मीटर चढतात आणि वर मुक्काम करतात. त्यांना एएमएस, हेप सगळं होऊ शकतं. आदली रात्र गौरीकुंड-सोनप्रयागला काढा, आणि वर डोकेदुखीसोबत उलट्या सुरू झाल्या तर पहाटेच्या पूजेसाठी थांबू नका. अमरनाथची गुहा ३,८८८ मीटरवर आहे, हेमकुंड साहिब ४,३०० च्याही वर. अमरनाथला आरोग्य प्रमाणपत्र सक्तीचं आहे. ओळखीच्या डॉक्टरकडून न तपासता सही आणणारे फसवतात ते स्वतःलाच.

१९. मागच्या वर्षी काही झालं नाही, म्हणजे यंदाही होणार नाही ना? आणि एकदा हेप झालेल्याने पुन्हा जावं का?

तितक्याच वेगाने तितक्याच उंचीवर गेलात तर बहुधा मागच्यासारखंच होईल, पण हमी नाही. मागच्या वेळी श्रीनगरमार्गे गेला असाल आणि यंदा विमानाने, तर तुलनाच होत नाही.

ज्यांना एकदा हेप झाला त्यांना तो पुन्हा होण्याची शक्यता बरीच जास्त. जायचंच असेल तर रस्त्याने, खूप सावकाश आणि डॉक्टरांनी दिलेल्या निफेडिपिनसह. अशा माणसाला पुन्हा विमानाने लेहला नेण्याचं काही कारण मला दिसत नाही.

२०. माझा भाऊ दोन वर्षं लेहला पोस्टिंगवर आहे. सुट्टी संपवून साताऱ्याहून परत जाताना त्याला पुन्हा रुळावं लागेल का?

हो. कमावलेला सराव खाली आल्यावर काही आठवड्यांत ओसरतो. म्हणून सुट्टीहून परतलेल्या जवानालाही सैन्यात पुन्हा रुळण्याचे दिवस देतात, किती ते त्याच्या सुट्टीच्या लांबीवर ठरतं. मूळच्या लेहवासीयांनाही महिनाभर मैदानात राहून परतल्यावर हेप झाल्याची उदाहरणं आहेत, त्यात लहान मुलं जास्त. भाऊ परत जाताना तुम्हीही त्याच विमानाने फिरायला निघाला असाल, तर पहिले दोन दिवस दोघांनीही खोलीवरच काढायचे.